सभेत वर केलेला हात

मंगळवार, संध्याकाळ. मेडशी फाटा.

आज इथल्या सभेत खासदार म्हणाले, "परदेशाशी करार करताना आपल्याले कोण विचारते? बाहेरून खायचं तेल येते अन् आपलं सोयाबीन घरात पडून राह्यते. संसदेत बोलणार आहो मी. कोणाच्या घरी पडून आहे? हात वर करा."

मीबी केला. कायले केला? घर सोडून सहा महिने झाले.

"कोणतं गाव, भाऊ?"

"केनवड."

"मंग इथं काय करून राह्यला?"

सगळे हसले. हात खाली घ्यायचंही सुचलं नाही.

खरंच पडून आहे का, म्हणून बाबाले फोन केला.

"आहे ना. मधात भाव बरा आलता. पण पोते उचलाले दुसरा माणूस कुठी आहे?"

केनवडकडं जाणारी गाडी आत्ताच गेली. हात दाखवला असता तर थांबली असती.