वरच्या खोलीत कोण राहतं

आइंडहोव्हन, हॉलंड
१२ एप्रिल

ती. ताईस,
किशोरचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आणि त्याला जबाबदार दुसरं कुणी नाही, मीच. इथं आल्या आल्या पाकीट आणि तिकिटं आणून ठेवली होती. मग त्या पाकिटावर आमच्या सौ. अपेक्षानं भाज्यांची नावं लिहून काढली. दुसरं आणलं ते खिडकीत ठेवलं, भिजलं. खरं सांगायचं तर शाळेपासून दोन पानं सलग लिहायची म्हटली की माझ्या पायाला मुंग्या येतात. तू म्हणशील फोन आहे की. पण फोन केला की आई स्पीकर लावते आणि चाळीतले सगळे भाडेकरू माझी खुशाली ऐकत बसतात. परवा म्हटलं इथं थंडी लई आहे, तर मागनं कुणीतरी हिंदीत सांगितलं, स्वेटर घालो भैया. म्हणून हे पत्र. हे फक्त तुझं नि माझं.

आम्ही मजेत आहोत. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना इतका उभा की सिंहगड रोजच होतो. भाकरी थापली आणि तवा जरा तापला की छताला लावलेलं धूर ओळखायचं यंत्र बोंबलायला लागतं. मग मी खाली भाकरी उलटायची आणि अपेक्षानं खुर्चीवर चढून टॉवेलनं त्याला वारा घालायचा, असं आमचं जेवण होतं. तिच्या ऑफिसात दुपारी सगळे थंड पाव खातात. तिनं मेथीचा डबा उघडला की आजूबाजूचे खिडक्या उघडतात म्हणे, पण एक जण रोज येऊन चव बघून जातो.

ती सकाळी सायकलवर जाते. तिला सायकल मीच शिकवली, इथल्या बाजाराच्या मागच्या मैदानात. एवढी इंजिनियर झालेली बाई, पण ब्रेक लावायच्या ऐवजी किंचाळायची. ती गेली की मी पण सायकल काढतो नि कालव्याच्या कडेनं सुटतो. एकदा परत येताना वाट चुकलो, तर एका पाटीवर बेल्जियम लिहिलेलं. घरी येऊन तिला सांगितलं की मी आज परदेशातून परदेशात जाऊन आलो.

हां, गाई सांगायच्या राहिल्या. यान म्हणून एक म्हातारा शेतकरी ओळखीचा झालाय. ह्यांच्या गाई अख्खा हिवाळा गोठ्यात असतात. एप्रिलमध्ये एका रविवारी दार उघडतात आणि ते बघायला गाव जमतं, पोरंबाळं, कॉफी, सगळं जत्रेसारखं. आपल्या दोन म्हशींएवढी एकेक गाय, पण दार उघडल्यावर अशी चारी पाय उचलून उधळली की मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. अपेक्षानं माझा हात धरला आणि म्हणाली, इथं असलो तर दरवर्षी बघता येईल. मी म्हटलं, ऑफिसच्या कामाला आलेली तीन महिन्यांची पाहुणी तू, दरवर्षी कुठलं. मग तिनं हात सोडून स्कार्फ कानावर ओढून घेतला. वारा पण फार होता.

एक काम कर. जांब्याला आईकडं गेलीस की आमच्या वरच्या खोलीच्या खिडक्या उघडत जा. फरशी मी स्वतःच्या हातानं बसवलीय, गवंडी पळून गेल्यावर, हे तुला माहीत आहे. लग्न झाल्यावर त्या खोलीत दोन महिने पण धड राहायला मिळालं नाही. आईला सांग तिथं मिरच्या वाळत घालू नको. जूनमध्ये आलो की शेताकडच्या बाजूला गॅलरी काढायची आहे, डोक्यात सगळं पक्कं आहे.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया जितकी आहे तितकी राहू दे, वाढवलीस तरी चालेल.

तुझा,
किशोर


चांदे
२९ एप्रिल

चि. किशोर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमन दोनदा खात्री करून गेला. ह्या घराला बाहेरदेशाचं पत्र येईल असं त्याला वाटेना. तुझं अक्षर अजून तसंच, कोंबडी चिखलातनं गेल्यासारखं. दाजींनी गाईंचं दोनदा वाचायला लावलं. आता म्हणतात, आपल्या कालवडीला पण रविवारी कॉफी पिऊन सोडू.

इकडं ऊन मी म्हणतंय. आपल्या गावची जत्रा झाली. तमाशाच्या जागी यंदा ऑर्केस्ट्रा आणला, आणि गाणी निम्मी हिंदी, कारण ऐकणारे निम्मे भाडेकरू. आईनं तुझ्या नावानं नारळ फोडला. तिचे गुडघे ठीक आहेत. तिला सारखं वाटतं की अपेक्षा तुला पोटभर घालत नसेल. मी सांगितलं, भाकऱ्या तोच थापतोय, तर पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली.

वरच्या खोलीची काळजी सोड. खिडक्या रोज उघड्या असतात. लातूरकडचं जोडपं आलंय, मनीष आणि मृण्मयी, दोघंही हिंजवडीत फेज टूला. पोरगी फार नीट आहे. दारात रांगोळी असते, फरशी आरशासारखी ठेवते, आणि विचारत होती की एवढी सरळ फरशी कुणी बसवली. आईनं नेहमीसारखा अकरा महिन्यांचा करार केला. तुमचं कपाट आणि लग्नातली भांडी आम्ही माळ्यावर चढवली, गाद्या माझ्याकडं आणल्या. दोन वर्षं खोली बंद ठेवली असती तर ओल धरली असती, अपेक्षाचं बरोबर होतं. आणि जांब्यात रिकामी खोली ठेवली तर लोक विचारतात, घरात काही झालं का. गॅलरीचं मात्र आल्यावर बघ, आता भाडेकरूंच्या डोक्यावर ठोकाठोकी नको.

तब्येत सांभाळ. बायकोला सारखं चिडवू नकोस. अशीच पत्रं येऊ देत म्हणजे माहेर पाठीशी आहे असं वाटतं.

तुझी,
रेश्माताई


आइंडहोव्हन
१४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उभ्यानं वाचलं. मग वर न जाता परत खाली उतरलो आणि सायकल घेतली. कुठं गेलो ते सांगता येणार नाही, येताना चाकाला चिखल होता एवढं आठवतं.

अकरा महिने? ताई, मी जूनमध्ये येणार होतो. जूनमध्ये येणारा माणूस कुठं झोपणार, हा विचार आईला शिवला नाही. आणि ती चाळ चालवते, तिचा हिशेब एका दिवसानं चुकत नाही. म्हणजे मी जूनमध्ये येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तुला होतं. दाजींना असणारच. त्या लातूरच्या जोडप्याला पण होतं. मीच काय तो राहिलो.

रात्री अपेक्षाला जेवायला वाढलं आणि विचारलं. तिनं चमचा खाली ठेवला. काम पहिल्यापासून दोन वर्षांचंच आहे, तीन महिने कधी नव्हतेच. इथलं ओळखपत्र मला मिळालंय, त्यावर तारीख छापलेली आहे. मी फोटो कसा आलाय तेवढंच बघितलं होतं. ती म्हणाली, तिला फेब्रुवारीतच मला सांगायचं होतं, आईनं अडवलं. आईचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले: "सांगू नगं. त्यो इमानतळावरनं माघारी फिरंल. आदी नेऊन तर बसव."

बरोबर आहे आईचं. आयटीआय मी सोडला, पिरंगुटची ड्रायव्हरकी सोडली, गोव्याला हॉटेलात गेलो ते पाचव्या महिन्यात अंगावरच्या कपड्यांनिशी परत आलो. नावं ठेवायला जागा आहे, ठेवा. पण बैलाला घाण्याला जुंपताना डोळ्यांना झापड बांधतात. नवऱ्याला बांधतात हे मला नवीन आहे.

आणि सगळ्यात लागलं ते वेगळंच. तिनं विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. मला इथं आवडत होतं. यान परवा म्हणाला, गोठ्यावर ये, काम देतो, तुझ्या हाताला जनावर कळतं. मी घरी येईपर्यंत शिट्टी वाजवत होतो. तिला सांगून चकित करायचं ठरवलं होतं. आता ते सांगायची सोय राहिली नाही. सांगितलं तर म्हणतील, बघ, आम्ही बरोबर होतो.

मधे इथं राजाचा वाढदिवस झाला. सगळं शहर भगवं, मला क्षणभर शिवजयंतीच वाटली. लोक घरातलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात. मी नि अपेक्षानं एक पोलपाटासारखी लाकडी फळी घेतली होती. ती फळी बघितली की मला आता राग येतो. फळीचा काय दोष, पण येतो.

तू मला लिहायचं होतंस. ते पण जाऊ दे, तुझ्याच पत्रातनं मला कळलं, बाकीच्यांनी तेवढं पण केलं नाही. तुझ्या मनात माझ्यासाठी जागा असेल तर ती तरी भाड्यानं देऊ नकोस.

किशोर


चांदे
२६ मे

चि. किशोर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझा स्वयंपाक करपला. मला वाटलं होतं, तिकडं पोचल्यावर अपेक्षानं तुला सांगितलं असेल. तसं ठरलं होतं. हे लिहितानाच कळतंय की 'ठरलं होतं' हा शब्द तुला किती टोचेल, पण खोडत नाही.

मी जांब्याला जाऊन आले. मृण्मयीच्या कानावर गेलं की मालकिणीच्या मुलाची खोली आहे आणि त्याला न विचारता दिली. बिचारी लगेच म्हणाली, आम्ही दुसरीकडं बघतो. आईनं साफ सांगितलं, शब्द दिला म्हणजे दिला. मी म्हटलं, किशोरला शब्द नव्हता का दिला. त्यावर ती उठून मागं गेली आणि गवारी मोडत बसली. 

अपेक्षावर फार रागावू नकोस. ती पोरगी तुला सोडून जाणार नव्हती, तुला सोबत न्यायचं म्हणूनच हे सगळं केलं. तुझी बाजू खोटी आहे असं मी म्हणत नाही. यायचंच असेल तर चांद्याला ये, माडीवरची खोली तुझी, दाजी स्वतःहून म्हणाले. फक्त जूनचा मध्य होऊ दे, तोवर घाईनं काही करू नकोस, माझं एवढं ऐक. आता माझ्यापाशी तुझ्यापासून झाकलेलं काही उरलं नाही.

रागावलास तरी लिहीत राहा. तुझ्या रागावर पण माझा हक्क आहे.

तुझी,
ताई


आइंडहोव्हन
६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. माझ्यापासून झाकलेलं काही उरलं नाही, ही तुझी ओळ तीनदा वाचली, बरं वाटलं. निदान एक माणूस तरी आहे.

माझं ठरलंय. पुढचा शनिवार सोडून त्याच्या पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय, एकट्याचं. अपेक्षाला अजून बोललो नाही. ती लपवू शकते तर मी पण दोन आठवडे लपवू शकतो, एवढं शिकलोय तिच्याकडून. आईला तर अजिबात सांगू नकोस. मी थेट चांद्याला येतो, माडीवर राहतो. मग पुढचं बघू. अपेक्षाला टाकतोय असं समजू नकोस. मला फक्त एकदा स्वतःच्या पायानं कुठंतरी जायचंय, मग तिथनं परत यायचं का ते मी ठरवीन.

आम्ही दोघं सध्या चाळीतल्या दोन बिऱ्हाडांसारखे राहतो. तुमचं झालं का, आमचं झालं. आंघोळीला आधी तुम्ही जा. ती डबा भरून ठेवते, मी धुऊन ठेवतो. परवा भाकरी करताना ते यंत्र बोंबललं आणि ती सवयीनं टॉवेल घेऊन खुर्चीवर चढली. दोघांनाही हसू आलं होतं, पण हसलो नाही. काल रात्री ती आपणहून म्हणाली, "मी चुकले. तुला गमवायच्या भीतीनं मी तुला विचारलंच नाही." मी दिवा मालवला. 

यानला सांगून आलो की मी जातोय. त्यानं खांदे उडवले आणि एक चीजचा गोळा दिला, आपल्या डोक्याएवढा. तो विमानात कसा न्यायचा ह्याचीच चिंता आहे. दाजींना खारट चालतं का?

आज अपेक्षा विमानतळावर गेलीय. उत्कर्षा म्हणून तिच्या ऑफिसातली मुलगी पुण्याहून यायची आहे, तिला आणायला. ती मुलगी दोन दिवस इथंच उतरणार म्हणे. म्हणून घर मोकळं आहे तेवढ्यात हे लिहून पेटीत टाकतो. खाली गाडी थांबली वाटतं. थांब, सामान उचलायला जातो.

ताई, परत लिहायला बसलोय.

गाडीतनं अपेक्षा उतरली, ती उत्कर्षा उतरली, आणि मागच्या दारानं पायात मोजे आणि चपला घातलेली, नऊवारीवर माझं जुनं जर्किन चढवलेली आई उतरली. आपली आई. पिरंगुटच्या पुढं एकटी एसटीत न बसणारी, त्या उत्कर्षाच्या सोबतीनं विमानातनं आलेली. जिन्यात तीन ठिकाणी टेकली, वर आली आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, वाळलास रं.

अपेक्षा माझ्याकडं बघत नव्हती. मी आईला विचारलं, पासपोर्ट कधी काढलास, ठसे द्यायला, व्हिसाला तुला कुणी नेलं. तिला वाटलं मी कौतुकानं विचारतोय. चहा बशीत ओतत म्हणाली, "रेश्मीनं नेलं की. लई हिंडली माझ्यासंगं. मार्चापास्नं. तुला कळू द्यायचं न्हाई म्हनून मीच शपथ घातली हुती."

घराच्या किल्ल्या पण तुझ्याकडंच ठेवून आलीय म्हणे. तीन महिने राहणार आहे. तिचं गाठोडं मी आत नेऊन ठेवलं. तिकीट खिशात आहे, आणि त्या शनिवारी ते घेऊन कुणाच्या दारात उतरायचं, हे आता मला सांगता येत नाही.

आई मागं येऊन उभी राहिलीय. विचारतेय, कुणाला लिवतोयस. मी सांगितलं, कुणाला नाही.

किशोर