राखणीची पोरं

१७ जानेवारी १९४०, बुधवार

साळूला कच्च्या ओळीत बसवलं! साळूला!

अक्षर नीट येत नाही. नको येऊ दे. चौथीतली सगळ्यात चांगली वाचणारी पोरगी ज्या शाळेत मंद ठरते, त्या शाळेच्या मास्तरचं अक्षर वळणदार असून करायचंय काय?

झालं असं. आज तपासणी होती. औरंगाबादेहून नवे तपासनीस साहेब आले. काकासाहेबांनी – हे आमचे मोठे मास्तर – मला सकाळीच रानात पिटाळलं. "गिरिधरराव, साहेबांना हुरडा पाहिजे. आगटी तुम्ही सांभाळा, पोरं मी सांभाळतो." मी शेण्या पेटवून कणसं भाजत बसलो आणि इकडं साहेबांनी एकेकाला उभं करून धडा मोठ्यानं वाचायला लावला. ज्याचा आवाज खणखणीत तो पक्का. जो अडला, पुटपुटला, तो कच्चा. पक्के आत जाजमावर, कच्चे बाहेर ओसरीत, गोणपाटावर. एप्रिलात भोकरदनला चौथीची परीक्षा आहे, तिला फक्त पक्के जायचे. परीक्षा नाही म्हणजे पुढची शाळा नाही. संपलं!

साळू उभी राहिली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली म्हणे. पोरं हसली. साहेब म्हणाले, "दिमाग कमज़ोर है." आणि काकासाहेब गप्प! ही पोरगी माझ्यापेक्षा झरझर वाचते हे त्यांना ठाऊक नाही? दिवाळीपर्यंत रोज सकाळी तीच तर वाचून दाखवायची सगळ्यांना.

"तुम्ही बोलला का नाही?" मी विचारलं.

"साहेब बोलत असताना मधी बोलायचं नसतं, गिरिधरराव."

पुढं सगळे रानात आले. साहेबांनी हुरडा चवीचवीनं खाल्ला, दोनदा मागून घेतला. रान रखमाजीचं. साळूच्या बापाचं!

१८ जानेवारी

आत मी पक्क्यांना शिकवायचं, बाहेर काकासाहेब कच्च्यांना सांभाळणार. सांभाळणार म्हणजे खुर्ची टाकून पान लावणार. उर्दूची पुस्तकं आत. नकाशा आत. बाहेर उजळणी, गिरवणं आणि झाडलोट.

मधल्या सुट्टीत आतली पोरं बाहेरच्यांना चिडवत होती – कच्चं लिंबू, कच्चं लिंबू! दोघांच्या पाठीत धपाटे घातले. पण त्यांना तरी काय बोलायचं. त्यांनी फक्त साहेबाच्या बोलण्याचं मराठी केलं.

एक गोष्ट आज डोळ्यांत खुपली. आत कोण? पटवारी मार्तंडरावांचा धर्मराज, दुकानदारांची पोरं, देवळाच्या पुजाऱ्याची. बाहेर कोण? एकूण एक शेतकऱ्याचं पोर. हा धर्मराज! बोट ठेवल्याशिवाय ओळ सापडत नाही त्याला. तपासणीचा धडा बापानं आठ दिवस घोकून घेतला होता. आवाज मात्र पोळ्याच्या ढोलासारखा. झाला पक्का.

मग शेतकऱ्यांच्याच पोरांचा आवाज गेला कुठं?

१९ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. रखमाजीच्या रानात गेलो. काय मूर्ख आहोत आम्ही सगळे!

शाळू दाण्यात आलाय, पाखरं पडतात. साळू राखणीच्या उंच माचावर उभी. एका हातात गोफण, दुसऱ्यात फुटकं घमेलं, गळ्याला फडकं. शाळेच्या आधी माचावर, शाळा सुटली की दिवस बुडेपर्यंत माचावर. हाऽ हाऽ करून करून घसा फुटलाय. मला पाहून काहीतरी बोलली ते ऐकूच आलं नाही.

तिची आई सगुणाबाई बांधाचं गवत कापत होती. म्हणाली, "घसा बसलाय मास्तर. समद्याच लेकरायचा बसतो ह्या टायमाला. सुगी झाली की सुटतो आपोआप."

मी माचावर चढून चौफेर पाहिलं. ह्या रानात माच, त्या रानात माच. ओढ्यापलीकडं दोन. प्रत्येकावर एक पोर, हातवारे करतंय. तोंडं ओळखीची. माझी आख्खी कच्ची ओळ तिथं माचांवर उभी होती.

रडू आलं, पण रागाचं.

रखमाजी बांधावर येऊन बसला. त्यानं एकच विचारलं. "मास्तर, ती परीक्षेला बसती का न्हाई, तेवढं सांगा. दिवाळीला पाव्हणे येऊन गेल्ते. म्या म्हन्लं, चवथी होऊ द्या, हुशार हाय म्हन्त्यात मास्तर. आता बसनारच नसंल तर मंग शाळेत काय करून राह्यली ती? त्यायला हो म्हन्तो, वैशाखात उरकून टाकतो."

अकरा वर्षांची आहे ती.

मी म्हणालो, बसेल. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

२२ जानेवारी

काकासाहेबांना सगळं सांगितलं. माच, गोफण, घसा. वाटलं, दचकतील.

"मला काय नवं सांगता? मीबी शेतकऱ्याच्याच पोटचा. लहानपणी माझाबी बसायचा."

म्हणजे ठाऊक होतं! उभं राहून पाहत होते!

"मग सांगा ना साहेबांना!"

"अहो, दोन मास्तर अन् चार जमाती, पहिली ते चौथी. मागल्या साली सगळे नेले परीक्षेला, निम्मे पडले. मला ठपक्याचा कागद आला. औंदा पक्केच जातील, पक्केच पास होतील. बिलकुल चोख निकाल. तुम्ही जवान आहात, गिरिधरराव, तुम्हाला हे समजायला टाईम लागंल."

निम्मे पडले, कारण सुगीत त्यांना कुणी शिकवलं नाही. मग त्यावर औषध काय, तर त्यांना वर्षभर शिकवू नका! वा रे वा. तापलेल्या पोराला बाहेर काढून घरात ताप नाही म्हणायचं.

मी हे तोंडावर बोललो. ते पान लावत राहिले.

३० जानेवारी

आज बाहेरच्या पोरांनी पाणी भरलं. आतल्यांनी ते प्यायलं.

५ फेब्रुवारी

काकासाहेब तहसिलीत गेले होते. मी दोन्ही ओळी एकत्र बसवल्या. सरळ हुकूम मोडला, मोडला तर मोडला. साळूपुढं पुस्तक ठेवलं. म्हणालो, बोलू नको, नुसतं डोळ्यांनी वाच आणि पाटीवर लिही काय समजलं ते.

तिनं पुस्तक माझ्याकडं सरकवलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुर्जी. म्या कच्ची हाय."

लाजून नाही म्हणाली, रडून नाही. आपलं गाव सांगावं तसं सांगितलं. तीन आठवडे पुरले!

साहेबाचा राग येतो, काकासाहेबांचा येतो, पण आज मला साळूचाच राग आला. इतक्या लवकर कसं मानलंस गं, असं ओरडावंसं वाटलं. आणि मग त्या रागाचाही राग आला.

१३ फेब्रुवारी

सुगी उरकली. कणसं खळ्यावर पडली.

आत धर्मराज वाचत होता. 'दुष्काळात' या शब्दापाशी बैल अडावा तसा अडला. मी थांबलो. पोरं थांबली. आणि दाराबाहेरून, गोणपाटावरून स्वच्छ आवाज आला, "दुष्काळात जनावरांची फार आबाळ होते." तिनं पुस्तक पाहिलं नव्हतं. आतलं ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

मी बाहेर धावलो. साळूनं तोंडावर हात ठेवला होता, मार बसेल म्हणून.

परवा साहेबांचा मुक्काम भोकरदनला आहे. रखमाजीला म्हणालो, गाडी जुंप.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकलो!

काकासाहेबांना न सांगता गेलो. साहेबांनी आधी आम्हाला बाहेर खोळंबवून ठेवलं. मग आत बोलावलं, मला खुर्ची दिली. रखमाजी दाराशी उभा, साळू त्याच्या धोतराआड. मी पुस्तक दिलं. सुरुवातीला ती चाचरली. मग लागली वाचायला ती थांबेचना. साहेबांनी स्वतः पान उलटून दुसरा धडा काढला, तोही वाचला. साहेब चकित झाले.

"फिर उस रोज क्या हुआ था?"

मग मी बोललो. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं उर्दूतून मांडलं. सुगीत शेतकऱ्यांची पोरं माचावर असतात, पहाटे आणि संध्याकाळी ओरडतात, घसे बसतात, थकून वर्गात पेंगतात, पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत. त्यांचा दोष नाही. ती मंद नाहीत. साहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. उलट विचारलं – किती गावांत असं आहे? मी म्हणालो, सगळ्या तालुक्यात. त्यांनी टिपून घेतलं. म्हणाले, आजवर हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, तुम्ही बराबर वजह सांगितली. उपाय करतो, हुकूम पाठवतो. चहा पाजला. साळूला पेन्सिल दिली.

परत येताना रखमाजी गाडी हाकत होता. मग बैलांकडं पाहतच म्हणाला, "पाव्हण्यायला निरोप धाडतो. औंदा न्हाई म्हन्तो."

इतके दिवस ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो माणूस ऐकून घेणारा निघाला. शिव्या मागं घेतो. काकासाहेबांच्या मात्र नाही.

२४ फेब्रुवारी

हुकूम अजून नाही. साळू बाहेरच बसते, पण आता पुस्तक मांडीवर असतं. काकासाहेब माझ्याशी बोलत नाहीत. बरंच आहे.

२ मार्च, शनिवार

हुकूम आला. काकासाहेबांनी दोन्ही ओळींपुढं मोठ्यानं वाचला, मराठी करून. शेतकऱ्यांच्या मुलांना रानाची राखण करावी लागते, त्यांच्यावर अभ्यासाचा बोजा घालणं जुलूम आहे. सबब तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी अशी मुलं पहिलीपासूनच वेगळी बसवावीत. त्यांना नावगाव लिहिण्यापुरतं शिकवावं. वाचता येत असलं तरी परीक्षेला पाठवू नये. खाली कारण दिलंय – केदारखेड्याचे मास्तर गिरिधर यांनी समक्ष येऊन दिलेली माहिती.

काकासाहेबांनी कागदाची घडी घातली. हसले नाहीत, तेवढी माणुसकी.

साळू उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, "गुर्जी, तुमी त्या दिशी काय सांगितलं ओ साहेबाला?"