अँटेनाला बाशिंग

ती. गुरप्पामामांच्या पायांवर नंदीशचं डोकं.

तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून शेक देतात की नुसत्या बोलतात? बार्शीत थंडी पडली असेल, मफलर बांधत जा. मी काशम्मामावशीकडे खुशाल आहे. (शेंगाचटणीमुळे जरा जास्तच खुशाल. पँटचं बटण लागत नाही.) इथं फोन लागत नाही म्हणून पत्र. तो लागावा हेच माझं काम, आणि घोटाळा तिथंच झालाय.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मालकांनी मला इंटरनेट जोडायच्या कामाला घेतलं. ही माझी सातवी नोकरी. (सहावी चादरीच्या कारखान्यातली. मी खिडकीतून पतंग बघत बसलो आणि चादरीवरच्या मोराला तीन पाय आले. असो.) सोमवारी मालक स्वतः येणार. शाळेत नेट दिसलं तर मी राहिलो, नाहीतर पिशवी भरून ठेव म्हणालेत. तुमचा शब्द वाया जाईल तो वेगळाच.

शाळेवर पत्रे, म्हणून अँटेना शेजारच्या मावशीच्या स्लॅबवर. आधी मी दांडक्यासारखा नेला. तो चारी बाजूंना सारखाच बोलतो, कुणाकडे पाठ नाही. मला स्वभाव आवडला. पण टॉवर सात किलोमीटरवर, आणि ह्याचं बोलणं वेशीपर्यंतच संपायचं. मग छत्रीसारखा आणला. तो एकाच दिशेला बोलतो पण लांब पोचतो. अट एकच, टॉवर आणि त्याच्या मध्ये काही येता कामा नये. मध्ये होती चिंच. म्हणून वीस फुटी लोखंडी पाइप.

पाइप उभा करायला बिरप्पा आणि त्याची माणसं आली. हे सगळे जत्रेत नंदीध्वजाची उंच काठी कमरेच्या पट्ट्यात उभी पेलणारे, हल्ली रोज सराव चालतो. मी म्हटलं, आडवा धरून जिन्यानं वर न्या. बिरप्पा माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी काही अभद्रच बोललो. “उभी काठी आडवी करायची न्हाय,” म्हणाला, आणि अँटेनासकट पाइप कमरेच्या पट्ट्यात घेऊन चालायला लागला. जिन्याकडे नाही, देवळाकडे! मागं पोरं, पुढं हलगी (ती कुठून आली देव जाणे), बाया पाइपाच्या बुडाला हळदीकुंकू लावतायत. खरं सांगतो, मीही विसरलो आणि दोन हाळ्या दिल्या. मग दोरानं वर ओढून पाइप बसवला. इतका सरळ बसला की मालकांनाही जमला नसता.

फक्त मावशीनं शेवटी तिच्या लेकीच्या, दानेश्वरीच्या लग्नातलं चंदेरी पत्र्याचं बाशिंग काढून, नंदीध्वजाला बांधतात तसं, अँटेनाच्या तोंडावर बांधायला लावलं. पत्र्यापुढं सिग्नल जात नाही. मी दोन दिवस विनवतोय. “जत्रा हुईस्तवर हात लावायचा न्हाय,” एवढंच उत्तर.

तुमचा भटका भाचा,
नंदीश

ता. क. मामा, खरं काम हे. मावशी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. सोमवारच्या आत या आणि बाशिंग काढायला सांगा.

ता. क. २. येऊ नका. एवढं काय लिहितोस म्हणून मावशीनं विचारलं, मी वाचून दाखवलं. “मग आदी सांगायचंस की रं! सिग्नल सिग्नल काय करत बसलास? पोराची नोकरी वाचवली तर देव रागावतोय व्हय?” बिरप्पाला वर चढवून तिनंच बाशिंग उतरवलं. शाळेत नेट आलं, त्यावरून फोनही लागायला लागला. पण उतरवलेलं बाशिंग तिनं माझ्या कपाळाला लावून बघितलं, “मापात हाय की,” म्हणाली, आणि माझाच फोन घेऊन मैंदर्गीला कुणाकडे तरी स्थळ विचारतेय. तिला अडवा! फोन तिच्या हातात, म्हणून पत्रच एसटीनं धाडतोय.

ता. क. ३. मुलीचं नाव प्रियदर्शनी आहे, बीएस्सी करते, एवढं ऐकू आलं. अडवायची तशी घाई नाही. आधी चौकशी करा.