कटरच्या कोडमधली नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आले एकदाची बऱ्हाणपूरला! नाशिक सोडून इतक्या लांब जायचं म्हणून आईने नाक मुरडलं होतं, पण इथे बसमधून उतरल्यापासून मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी अशी मिसळ ऐकतेय आणि मला ती फार आवडलीय.

लोधीपुऱ्यात धुरपदाबाईंकडे वरची खोली मिळाली. बाई एकट्या, एकुलता एक मुलगा योगेंद्र. मी सामान टेकवायच्या आत त्यांनी मावा जिलेबी पुढे केली. नको म्हटलं तर, खाय वो माय, काडी झालीस नुस्ती, असं म्हणत आणखी एक वाढली. योगेंद्र माझ्याच कंपनीत खाली वर्कशॉपमध्ये यंत्र चालवतो. माझी जड ट्रंक त्याने एकट्याने वर आणली आणि घाम पुसायच्या आत मला ताई करून टाकलं. मला सख्खा भाऊ नाही. बरं वाटलं.

ऑफिस शनवाऱ्यात. वर आम्ही संगणकवाले, खाली कागद कापायचं मोठं यंत्र. सगळे त्याला कटर म्हणतात. पातं कधी खाली येईल, रूळ कधी थांबतील, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. नवी आवृत्ती लवकरच गिऱ्हाइकांकडे जायचीय. त्याआधी कोडमधल्या कमेंट आवरायचं काम माझं. कमेंट म्हणजे एका प्रोग्रॅमरने दुसऱ्यासाठी लिहून ठेवलेली ओळ. यंत्र ती वाचतसुद्धा नाही. परक्या स्वयंपाकघरात शिरून डबे नीट लावावेत तसं काम आहे, आणि असल्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काय हा पसारा! एके ठिकाणी लिहिलंय, 'का चालतं माहीत नाही, पण चालतं.' दुसरीकडे कुणीतरी चहाची उधारी नोंदवलीय. हसून हसून पुरेवाट झाली.

मग मात्र हसू थांबलं. सुरक्षेच्या भागांवर एकेक ओळ आहे. 'काशिनाथ. उजव्या हाताची तीन बोटं.' 'सोजरबाई. डावा हात, कोपरापासून.' 'प्रकाश. मान.'

शेजारच्या टेबलावरच्या रितेशला विचारलं. कोडचं काम तोच बघतो. तो म्हणाला, कटरने कुणाला खाल्लं की तसं परत होऊ नये म्हणून आम्ही कोडचा नवा भाग लिहितो आणि वर त्या माणसाचं नाव घालतो, इथली रीतच आहे. मग हात जोडून म्हणाला, मॅडम, बाकी सब करा, पन ते नावं मत छेडा.

पण गिऱ्हाइकाने फाइल उघडावी आणि समोर तुटकी बोटं? आमचे मालक निरंजन सर म्हणाले, पुसून टाका, शोभत नाही. तिन्ही ओळी काढल्या. जागी लिहिलं, 'हात आढळल्यास पाते खाली येत नाही.' आता कसं पान स्वच्छ दिसतंय!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जेवायच्या सुट्टीआधी खालून किंचाळी आली. मोहित म्हणून एक पोरगेला कामगार आहे. तो कागदाची चळत सरळ करत होता आणि पातं खाली आलं. मी जिन्यावरून पाहिलं. पांढऱ्या कागदावर रक्त भराभरा पसरत होतं आणि त्यात त्याची बोटं पडली होती, उजव्या हाताची. तीन.

मी जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासला. कमेंट सोडून एक अक्षर बदललेलं नाही. मग पातं आलं कसं? योगायोग असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते कधीकधी. तरी पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला बसलेय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हिमानीचा हात गेला. पॅकिंगवाली, गोरीशी, कालच मला केळी देऊन गेली होती. रूळ बंद होते. बंद असलेले रूळ फिरले आणि तिला बांगड्यांसकट ओढून घेतलं. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. योगेंद्रने तिला कमरेला धरून मागे खेचलं. ती सुटली. हात नाही सुटला. डावा, कोपरापासून.

रितेश रक्ताच्या शर्टाने वर आला. दोन ओळी टंकल्या. 'मोहित.' 'हिमानी.' मग म्हणाला, आता हे दोन भाग शांत झाले. तिसरा उघडा आहे.

तिसरा म्हणजे मान.

मी केलं हे. मीच.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी आल्याआल्या प्रकाशचं नाव होतं तसं परत घातलं. रितेश खिन्न हसला. म्हणाला, एकदा पुसलेलं नाव परत चालत नाही, ताट घासून टाकल्यावर आता त्यात खरकटं ठेवून कुणाचं पोट भरतं का?

कटरची वायर उपटून ठेवली होती. तरी दुपारी रूळ फिरले. योगेंद्र नुसता बाजूने चालला होता, त्याच्या गळ्यातला गमछा आत गेला. त्याचं तोंड पात्याखाली, डोळे बाहेर, पाय हवेत झाडत होते. गमछा फाटला म्हणून वाचला. गळ्याभोवती काळानिळा वळ आहे.

रितेश म्हणतो, कटरने एकदा ज्याला उष्टावलं त्याला तो सोडत नाही. घरी बसला तरी ओढून आणेल. त्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं तरच तो सुटेल. आणि ज्याचं नाव लिहू त्याला द्यावं लागेल. नाहीतर समोर येईल त्याला खाईल.

रात्री धुरपदाबाईंनी लेकाच्या गळ्याला हळद लावली. काय झालं विचारत होत्या. मला तिथे बसवेना.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मी निरंजन सरांना मारलं.

रितेशकडून सगळं कळल्यावर ते माझ्या खुर्चीत बसून 'योगेंद्र' लिहीत होते. म्हणाले, तसंही त्यालाच धरलंय, लिहून मोकळे होऊ, आवृत्ती अडलीय. अगदी शांतपणे, चहा सांगावा तसं. मी टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि त्यांच्या डोक्यात घातलं. पुन्हा घातलं. कानातून रक्त आलं. पडले, श्वास चालू आहे. वाईट वाटत नाहीये मला.

मग त्या ओळीत लिहिलं, 'अर्चना. मान.'

माझं स्वतःचं.

रितेश ओरडला. मी म्हटलं, उद्या सकाळच्या बसने मी नाशिकला. मला उष्टावलेलं नाही त्याने. ओढणार कसा? आणि खाली कुणी जाऊ नका, कुलूप घाला, म्हणजे झालं. योगेंद्र सुटला. सुटला ना!

बुधवार, १२ नोव्हेंबर

दार उघडत नाही. बाहेरून कडी आहे.

धुरपदाबाई पलीकडे बसल्यात. रडताहेत. मी हाका मारतेय, त्या नुसतं म्हणतात, मले एकच पोरगा हाय वो माय, एकच—

रितेशचा फोन आला होता. वर्कशॉपचं कुलूप आतून तुटलं. कटर सकाळपासून चालू आहे, वायर नाही, काही नाही. पातं वर-खाली. सर डोक्याला पट्टी बांधून बघायला गेले. त्यांचं धड दारापर्यंत—त्याला पुढे बोलवेना. तरी पातं थांबलं नाही. ज्याचं नाव आहे तोच पाहिजे. नाहीतर मोहल्ल्यातले सगळे—

खिडकीला गज आहेत.

खाली माणसं जमलीत. हाताला पट्टी बांधलेला मोहित आहे त्यात. मी काढली ती ओळ, मीच—

जिन्यावर पावलं. योगेंद्रची. ओळखते मी.

कडी निघाली. त्याच्या हातात सुतळी आहे, गठ्ठे बांधायची. गळ्यावरचा वळ तसाच. लहान पोरासारखा रडतोय. म्हणतो, ताई, नाव तुम्हीच लिखलं, आता चला. मी म्हटलं, अरे तुझ्यासाठी—तो म्हणतो, मालूम हाय ताई, मालूम हाय—

लिहू देतोय मला. एवढं लिहून होईस्तोवर थांबतो म्हणाला.

डावा हात बांधला.

म्हणतोय, तिथे गेल्यावर हलू नका ताई, हललं की एका घावात होत न