ओवीच्या कानात

३ मार्च १९३८, अमरावती

दुपारी अकोल्याहून तार. सुमतीला काल मुलगी झाली. दोघी ठीक. आठव्या महिन्यात झालेली मुलगी, तेव्हा त्या 'ठीक'वर किती विसंबायचं ते तार करणाऱ्यालाच ठाऊक.

अण्णांनी, माझ्या भावाने, ओसरीवरूनच विचारलं, "काय आहे?"

"नात."

"बरं झालं," म्हणाले आणि पुन्हा अशिलाच्या कागदांत डोकं घातलं. पान मात्र उलटेना.

अण्णांचा मधू संध्याकाळच्या गाडीने बायकोकडे गेला. निघताना पाया पडला. "आत्या, बारशाला तूच." मधूला बहीण नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या नाही तिथे बापाची आत्या. मागच्या वेळीही पाळण्याशी मीच वाकले होते.

शाळेचे पेपर तपासायला काढले. एकही झाला नाही.

५ मार्च

मधू परत. मुलगी तळहाताएवढी म्हणतो. कापसात गुंडाळून ठेवली आहे. रडते ते मांजराच्या पिल्लासारखं. दुधात वात बुडवून पाजतात.

मग खरी बातमी. विहीणबाईंनी, सुमतीच्या आईने, ठरवून टाकलं आहे. पोरीला सुपात घालून शेजारणीला विकायची, मोबदल्यात पसाभर कोंडा घ्यायचा आणि नाव ठेवायचं कोंडी. कोंड्याच्या मोलाची पोर देवाला हवीशी वाटत नाही. मग ती राहते.

अण्णा म्हणाले, "वकिलाची नात कोंडी! खरेदीखत तरी मला लिहू द्या म्हणावं."

मधू हसला नाही. मी विचारलं, "सुमती काय म्हणते?"

"ती म्हणते, ओवी."

अण्णांना आणखी चेव. "पहिली ऋचा, दुसरी ओवी. तिसरा मुलगा झाला तर शार्दूलविक्रीडित ठेवू. हाक पुरी होईपर्यंत पोरगं अंबागेटाबाहेर." आणि एकदम कागदांकडे वळले. दोन वर्षांत ऋचाचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं.

६ मार्च

सुमती माझी विद्यार्थिनी. तेल्हाऱ्याकडची शेतीवाली माणसं, घर अकोल्यात. पोर शिकायला इथे ठेवलेली. मी वृत्तं शिकवायची तेव्हा बाकीच्या मुली बोटांवर मात्रा मोजत, ही मानेने. मधूसाठी मीच सुचवली. अण्णा म्हणाले होते, बोली फार वऱ्हाडी आहे. मी म्हटलं, कान चांगला आहे.

पहिल्या वेळी ऋचा हे नाव तिने मागितलं आणि मी ठेवलं. मलाही आवडलं होतं. बायका पाठीत धपाटे घालत होत्या, तरी खणखणीत उच्चारलं. आठ महिन्यांची होऊन गेली. घसा सुजून. डॉक्टरांनी सांगितलं, घटसर्प.

त्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "नाव भारी होतं. लेकराले पेललं नाई." मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की रोगाचा आणि नावाचा काडीचा संबंध नाही. रोग कसा पसरतो तेही सांगितलं.

माझं उत्तर बरोबर होतं. लक्षात राहिलं ते त्यांचं वाक्य.

८ मार्च

अकोल्याला पत्र लिहिलं. परीक्षा आहेत, निघता येणार नाही, बारशाला दुसऱ्या कुणाला तरी बसवावं. मधूला वाचून दाखवलं.

"तुला रजा कोण नाकारणार? मुख्याध्यापिका तूच ना?"

"म्हणूनच नाही. टाक पेटीत."

खोटं काही लिहिलं नाही. परीक्षा आहेतच.

१० मार्च

उत्तर आलं. सु.च्या हातचं. बाळंतिणीने डोळ्यांना ताण देऊ नये, पण ती ऐकणार थोडीच. एकच ओळ. "बाई, तुम्ही येईपर्यंत पाळणा रिकामा राहील."

लग्न झाल्यापासून मला आत्याबाई म्हणते. हे 'बाई' वर्गातलं.

अण्णा म्हणाले, "हे बोलावणं नव्हे, समन्स आहे. हजर व्हावंच लागतं."

१२ मार्च, अकोला

बडनेऱ्याला गाडी बदलली. डब्यात समोर एक बाई, दोन पोरं. मोठा धोंड्या, धाकटा दगड्या. दोघेही नावासारखेच टणक. केळ्यावरून मारामारी चालली होती. मी खिडकीबाहेर पाहत बसले. अकोल्यापर्यंत.

मुलगी पाहिली. कापसातून नाक तेवढं दिसतं. तळहाताएवढी म्हणाला मधू, तो चांगुलपणा त्याचा.

विहीणबाई स्वयंपाकघरात कोंडा चाळत होत्या. मान वर न करता बोलल्या, "ताई, तुमी कालेजात शिकल्या, मी चुलीपाशी. मले भांडाचं नाई. येकच सांगा, पयल्या वक्ती तुमचं आयकलं का नाई मी?"

"ऐकलंत."

"मंग आता माहं आयका. पोट्टी जगू द्या. मोठी झाली का ठेवा काय ठेवाचं ते. ओवी म्हना, पोथी म्हना."

"नावाने कुणी जगत नाही की मरत नाही. हे सुपाचं मी होऊ देणार नाही. शाळेत मुलींना उद्या कोणत्या तोंडाने शिकवू?"

"तुमाले तुमच्या तोंडाचं पडलं. मले नातीचं पडलं हाय."

 त्यांनी पुन्हा कोंडा चाळायला घेतला.

दुपारी सु.जवळ बसले. म्हटलं, घाई काय आहे. वर्षभर नुसतं बाळ म्हणू. आणि ठेवायचंच तर आर्या आहे, गाथा आहे. ओवी कुणी पोरीचं नाव ठेवतं का?

"तुम्हीच शिकवलंत," म्हणाली. "आर्येत एक मात्रा चुकली की आर्या मोडते. ओवीत अक्षर कमी पडलं तरी ती ओवीच राहते." मुलीकडे पाहत होती. "हिचे दिवस कमी पडलेत."

मी दुपट्याची घडी सारखी केली. तिला वाटलं, मी विहीणबाईंच्या बाजूने झाले.

"मी हिला कोंड्यात लपवणार नाही, आत्याबाई. हिला लपवली म्हणजे ऋचाला लपवली नाही म्हणून ती गेली, असं झालं. तसं म्हणू का मी?"

 

१३ मार्च, अकोला

बारसं झालं. विकण्याचं होऊ दिलं नाही. शेजारीण नवं लुगडं नेसून आली होती, तिला घुगऱ्या देऊन बसवलं. कोंड्याचं सूप मी स्वतः उचलून कोठीत ठेवलं. विहीणबाई पाहत राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग वाकले. वऱ्हाडातल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ते रीतीपुरते नव्हेत. वरून सगळ्या मिळून 'कुर्र' म्हणून कालवा. त्या गलक्यात आत्या काय सांगते ते पाळण्यातल्या जिवाखेरीज कुणालाही ऐकू जात नाही. सरळ झाले आणि मोठ्याने सांगितलं, "ओवी." अगदी स्पष्ट. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

सु. हसली. दोन वर्षांनी हसताना पाहिली.

कानात मी कोंडी म्हणाले.

१५ मार्च, अमरावती

परत आले. ठरवून केलं नाही. वाकले तेव्हा ओवीच तोंडात होतं. कापसातलं ते नाक हललं आणि...

कागदावर आणखीच वाईट दिसतं. लबाडी एकीशी नाही, दोघींशी. सु.ला वाटतं तिचं झालं. विहीणबाईंना वाटतं त्यांचं झालं नाही. त्यांना तरी सांगायला हवं होतं. त्या म्हातारीला झोप लागली असती.

३० मार्च

मधू अकोल्याहून आला. मुलीला कापसातून काढलं. आता अंगावर पिते. मूठ धरली की सोडत नाही.

आनंद झाला. पाठोपाठ मनात आलं, कुठलं नाव लागू पडलं? कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेली बाई मी. त्या विषयात पहिली आले होते. कुणाला सांगायचं?

१६ एप्रिल

ऊन चढलं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे. अण्णांच्या मनात सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं. "नात थंड हवेत वाढू दे." एवढ्यात घाट चढवू नका म्हटलं. मधूने विचारलं, "आत्या, तू एवढी काळजी कधीपासून करायला लागलीस?"

८ मे

सु. मुलीला घेऊन सासरी आली. मुलगी आता माणसासारखी दिसते. अण्णा दिवसभर ओवीबाई, ओवीबाई. "ओवीबाई, शपथेवर सांगा, दूध कुणी सांडलं?" ती त्यांच्या मिशा पाहत राहते.

मी बाळ म्हणते.

११ मे

सु.च्या लक्षात आलं. येणारच होतं. चुलीशी वरण घोटता घोटता म्हणाली, "तुम्ही एकदाही तिला नावाने हाक मारली नाही."

"सवय नाही अजून."

"ऋचाला पहिल्या दिवसापासून मारायच्या."

मी भाजी निवडत राहिले. तिने रवी बाजूला ठेवली.

"बारशाला कानात काय सांगितलंत?"

इतकी वर्षं मुलींची खोटी कारणं ऐकून मी त्यांना बाकावर उभं केलं. "कोंडी," म्हटलं.

तिने वरण उतरवलं, झाकण ठेवलं, हात पुसले आणि मुलीला उचलून आत गेली.

१२ मे

सु. ताट वाढते, पण बोलत नाही. अण्णांना वाटतं, उन्हाने डोकं दुखतं.

संध्याकाळी अंगणात सडा टाकताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आईनं केलं असतं तर मी समजले असते. ती भिते. पण तुम्ही..."  मीही भिते, हे एवढ्या वयाच्या बाईने कसं सांगायचं?

मग एकदम वळली. "तुमीच टाकलं, तुमीच काढा. त्याच कानात सांगा तिचं नाव." रागावली की माहेरची बोली येते. वर्गात हजारदा सुधारली होती मी ती.

म्हटलं, नाव काढायचा विधी नसतो.

"विधी कोन मागून राह्यलं तुमाले? नुसतं सांगा."

"सांगते. उद्या."

१३ मे

सकाळी मुलीचं अंग कोमट. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा बाधला, पाणी पाजत राहा. सु. मुलीला घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी.

"आज नको," म्हटलं.

"कोंडीवर विश्वास आहे तुमचा?"

"नाही."

"मग?"

ती थांबली होती. मी पुस्तकांवरची धूळ पुसायला घेतली. गेली.

१५ मे

ताप चढला. डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून घसा पाहिला. मी दाराची चौकट धरून उभी होते, सु. माझ्याकडे पाहत होती, डॉक्टरांकडे नाही. घसा स्वच्छ. डॉक्टर गेल्यावर दोघी तिथेच बसून राहिलो. पाणी आणायलाही कुणी उठलं नाही.

ती कपाळावर ओल्या घड्या ठेवते आणि ओवी, ओवी करत थोपटते. पोरीला एक नाव बाहेरून येतं, एक आत जाऊन बसलेलं. कुणाला ओ द्यायची तिने?

अण्णा ओसरीवर येरझारा घालतात. मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तू तरी धीर दे तिला."

विहीणबाईंना कळवायचं का, मधूने विचारलं. सु. म्हणाली, "नको. ती सूप घेऊन येईल." कुणी हसलं नाही. नंतर मला वाटलं, आल्या असत्या तर मी या वेळी सूप उचललं असतं का?

१७ मे

ताप उतरला. अंग गार, पोटभर प्यायली. अण्णा बाहेर पडताना पाळण्यापाशी थांबून म्हणाले, "ओवीबाई, आजची तारीख आम्ही तहकूब करून घेतली असती, पण तुम्ही बऱ्या दिसता." गेले. मधूही गेला.

सु.ने मुलीला न्हाऊ घातलं, धुरी दिली, आणि काही न बोलता आणून माझ्या मांडीवर ठेवली. उजवा कान वर येईल अशी. मग आत गेली.

कान किती लहान असतो. मागे घामोळं आलं आहे. केसांना धुपाचा वास.

दोनच अक्षरं आहेत. तोंड खाली नेलं तशी तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहत राहिली, कोण बोलावतंय बघावं तशी. मी पुन्हा ताठ बसले आणि ही वही ओढली.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येत नाही. सु. दाराआड उभी आहे.

वही खाली ठेवते.