भूतकाळाचा सराव

५ सप्टेंबर
आले एकदाची! खोली छान आहे, खिडकीतून सरोवर दिसतं. मुख्याध्यापिका आमायी म्कुम्बिरा यांनी स्वतःच्या हाताने मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा आणि तळलेले मासे वाढले. आठवीच्या तीस मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवायचंय. आधीच्या बाई वर्षाच्या मध्येच गेल्या म्हणे. आमायींनी बजावलं, "पुस्तकातले राजा-राणी नकोत हं तमांडा. गावातली माणसं घे, नावं घे. नियम पक्का बसतो. आमची एकही मुलगी इंग्रजीत नापास होत नाही."

७ सप्टेंबर
आज वर्तमानकाळाचा भूतकाळ करायचा. फळ्यावर लिहिलं, 'आमायी नासिबेको मासे विकते.' इथे मोठ्या बाईला आमायीच म्हणतात; ही शाळेच्या फाटकापाशी बसते. काल मलाच ओरडली होती, "ए मास्तरीण, किती गं वाळलीस! घे, फुकट घे!" मुली खिदळल्या. तीसच्या तीस जणींनी अचूक लिहिलं: विकत होती.

८ सप्टेंबर
नासिबेको सकाळी टोपली उचलताना कोसळली, ती उठलीच नाही. शाळा लवकर सोडली. गावभर रडारड. बिचारी.

१३ सप्टेंबर
'अलिनाफेचे बाबा होडी वल्हवतात.' अलिनाफे स्वतःच फळ्यापाशी आली. मान ताठ करून क्रियापद बदललं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

१४ सप्टेंबर
होडी सापडली. उलटी. बाबा नाहीत.

१५ सप्टेंबर
धावत आमायींकडे गेले, म्हटलं, वर्गात ज्यांना भूतकाळात घातलं ती दोन्ही माणसं दुसऱ्या दिवशी गेली. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ठाऊक आहे. गावात कुणी ना कुणी जातंच, आणि इथल्या मुली शहरात जाऊन नर्स होतात, ते नको का? अलिनाफे हा नियम आता जन्मात विसरणार नाही.
मी आधीच्या बाईंचं विचारलं.
"फार छान शिकवायची," त्या म्हणाल्या.

१९ सप्टेंबर
आता फक्त राजा, राणी, वाघ. कुणी हसत नाही. अलिनाफे आज परत आली. उभी राहून शांतपणे विचारलं, माझ्याच बाबांचं नाव का घेतलंत, टीचर? तुमच्या बाबांचं का नाही?
काय सांगू तिला? मला कळत नव्हतं म्हणू? नासिबेकोनंतरही?

२१ सप्टेंबर
बॅग भरली. बस उद्या. आमायी म्हणाल्या, जा, वर्ग मी बघते.

२२ सप्टेंबर, सकाळ
बस आली नाही. शिक्षकांच्या खोलीत बसलेय. भिंतीपलीकडे माझा वर्ग. खडू घासतोय — अलिनाफेचं अक्षर, दाबून लिहिते ती — आमायींचा आवाज, शाब्बास, आता सगळ्यांनी वाचा — माझं नाव — पळायला हवं — वर्तमानकाळ झाला. पानं उलटताहेत. मीच शिकवलंय, एकीचंही चुकणार नाही — तीस आवाज, एका सुरात — तमांडा टीचर आम्हाला इंग्रजी शिकवत