मांडीला मीठ कुणी चोळायचं

४ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीतलं जेवण दरसालप्रमाणे इथेच. खाटकाला कोकराची मांडी सांगून ठेवली आहे. आदल्या दिवशी चिरा पाडून लसूण खोचायचा, मीठ-मिरी चोळून मुरत ठेवायची. कॅन्टीनमध्ये तीस वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी कुणाच्या ताटात काही उरलं नाही, तेव्हा मिठाचं प्रमाण तेच.

सूनबाई दोनदा म्हणाली की यंदा ती चोळेल. तिला म्हटलं, तू कांदे सोल. तेव्हापासून फुरंगटली आहे. आलीस की समजूत काढ.

माया आहेच, पत्रं मात्र वाढव.

तुझा,
बाबा

९ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

वहिनीला बोल लावू नका. हे पत्र लिहिताना तीन कागद फाडले. बाबा, गेल्या वर्षीचं मटण खारट झालं होतं. त्याच्या आदल्या वर्षीचंही. दादाने आपले तुकडे गुपचूप नळाखाली धुऊन आणले आणि तुमच्यासमोर बोटं चाटली. तुमच्या त्या मोठ्या तापानंतर हे सुरू झालं. तुम्हाला लागेल म्हणून आम्ही गप्प बसलो आणि कौतुक तेवढं वाढवत नेलं.

यंदा वहिनीचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला येताहेत. त्यांच्यासमोर तुमचं हसू झालेलं तिला बघवणार नाही, मलाही नाही. यंदा मीठ तिच्या हाती द्या.

रागावलात तरी लोभ असू द्या.

आपली,
ठकू

१३ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रागावलो, चौकापर्यंत चालून आलो, आता लिहितो. त्या तापानंतर माझ्या जिभेला चवच नाही. काहीही खाल्लं तरी कागद चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत. आली नाही. वर्षातून एकदा सूनबाई मला ओटा मोकळा करून देते, तोही जाईल या भीतीने बोललो नाही.

मीठ अंदाजाने घालायचो आणि तुमच्या तोंडांकडे बघत बसायचो. दादाने बोटं चाटली, म्हटलं जमलं. पुढच्या वर्षी हात आणखी सैल सोडला. तुमची तोंडं हीच माझी जीभ होती गं, आणि तिलाच तुम्ही खोटं बोलायला लावलंत.

यंदा मीठ सूनबाई चोळेल, चिरा मी पाडीन. एक तुकडा तव्यावर भाजून तिने चाखायचा आणि कसा झालाय ते मला तोंडावर सांगायचं. तिलाच विचारणार. तुम्हा दोघांवर माझा विश्वास उरलेला नाही.

लोभ आहे, तो काही मागे घेता येत नाही.

तुझा,
बाबा